टेबलावर पास

"मोहनाबेन तुमची कोण लागते, साहेब?" मयंकभाईंनी विचारलं तेव्हा शरच्चंद्रांच्या चिमटीत तापमानाचं बटण होतं. त्यांनी ते फिरवणं थांबवलं नाही. टेबलावर मयंकभाईंच्या गाडीचा कॉम्प्युटर झाकण काढलेल्या डब्यासारखा उघडा पडला होता, आणि त्याला जोडलेल्या वायरींच्या जुडग्यापलीकडे चार लहान दिवे पाळीपाळीने लुकलुकत होते. "कोण मोहनाबेन?" त्यांनी विचारलं. मयंकभाईंचं पादऱ्याला बी-बियाणांचं दुकान होतं. लहानपण बडोद्यात वाडीतल्या मराठी शेजारात गेल्यामुळे ते मराठी बोलत आणि मध्येच आपल्या भाषेत घसरत. "अमारा पादरामां, कन्याशाळेत गणित शिकवते. आमच्या बेबीची टीचर. एकलीच राहते. अटक, म्हणजे आडनाव, तुमचीच, राजोपाध्ये. आख्ख्या पादऱ्यात एकच राजोपाध्ये, म्हणून विचारलं. आणि विचार करताना अशी चष्म्याची दांडी चावते, तुम्ही आत्ता चावत होता ना, तशीच. सगां थाय?" शरच्चंद्रांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नाही," ते म्हणाले. "बडोद्यात राजोपाध्ये पुष्कळ आहेत."

बडोद्यात राजोपाध्यांची घरं दोन होती, आणि दुसऱ्या घरात मुलगी नव्हती. शिवाय मोहना आता राजोपाध्ये नव्हतीच. लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून ती साठे होती, मोहना उन्मेष साठे. पत्रावर, लग्नानंतर काढलेल्या रेशनकार्डावर, दाराच्या पाटीवर. गेल्या रविवारी सकाळी पुण्याहून तिचा फोन आला होता. सगळं ठीक आहे बाबा, उन्मेष जरा कामात आहे. त्यांनी बटण पुढे सरकवलं. इंजिन तापलं. म्हणजे इंजिन नव्हतंच. इंजिन बाहेर अंगणात, गाडीच्या पोटात, थंड पडून होतं. पण टेबलावरच्या डब्याला वाटलं की ते तापलं, आणि दिवे जरा आखडते झाले, जसे व्हायला हवेत तसे. त्या दिव्यांकडे बघता बघता शरच्चंद्रांना आपल्या मानेवर कुणीतरी ओला फडका ठेवल्यासारखं वाटलं.

हे टेबल त्यांनी स्वतः उभं केलं होतं. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर समरजित त्यांना निजामपुऱ्यातल्या आपल्या गॅरेजमध्ये घेऊन आला. समरजित त्यांचाच विद्यार्थी. त्याचे पणजोबा सरकारच्या पागेत होते, आणि हा घोड्यांऐवजी गाड्या खरारतो, असं शरच्चंद्र त्याला चिडवत. तेव्हा बाजारात नव्या गाड्यांचा पूर आला होता आणि जुन्या मिस्त्र्यांना त्या कळेनाशा झाल्या होत्या. कार्बुरेटर गेला, त्याच्या जागी हा डबा आला. डबा बंद पडला की कंपनी म्हणे नवा घ्या. शरच्चंद्रांनी मागच्या खोलीत टेबल मांडलं आणि डब्याला फसवायचं ठरवलं. सुट्टीत कॉलनीतली मुलं ते बघायला यायची तेव्हा ते त्यांना मांडी घालून बसवत आणि सांगत: हा कॉम्प्युटर म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडलेला माणूस. त्याला बाहेरचं काही दिसत नाही. त्याच्या तळहातावर कुणीतरी बोटानं लिहितं, इंजिन फिरतंय, पाणी तापलंय, ड्रायव्हरनं पाय दाबलाय. तळहातावर जे लिहिलं जाईल त्यावर तो विश्वास ठेवतो आणि पेट्रोल सोडायचा हुकूम देतो. आता आपण काय करायचं, तर इंजिन काढून घ्यायचं आणि त्याच्या तळहातावर आपण लिहायचं. ही मोटर फिरते ती चाकाची खोटी खूण. हे बटण म्हणजे खोटं तापमान. हे बटण म्हणजे खोटा पाय. आणि पेट्रोलाच्या जागी हे दिवे. दिवे नीट लागले की डबा पास. मुलं विचारायची, आजोबा, त्याला कळत नाही का की गाडीच नाहीये? "कसं कळणार?" ते म्हणायचे. "त्याला कुणी सांगायला हवं ना." मुलं हसायची, आणि समजलं का विचारलं की सगळ्यांच्या माना एकदम डोलायच्या. त्या डोलणाऱ्या मानांवर शरच्चंद्रांचं आयुष्य गेलं होतं. ते कधी चिडले नाहीत. एकदा समजलं नाही तर दुसऱ्यांदा, दुसऱ्यांदा नाही तर तिसऱ्यांदा, वेगळं उदाहरण घेऊन, आवाज न चढवता. राजोपाध्ये सरांसारखं कुणी समजावत नाही, हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की ते आपलं दुसरं नाव असावं तसं ते त्याला ओ देत.

एकटीच राहते. म्हणजे उन्मेष नाही. म्हणजे रविवारचा फोन पादऱ्याहून. त्यांना आता आठवलं की गेल्या पावसाळ्यानंतर फोनवरची खरखर थांबली होती. पूर्वी पुण्याहून बोलताना मोहनाचा आवाज विहिरीतून यावा तसा यायचा, मध्येच तुटायचा, दुसऱ्याच कुणाचं बोलणं त्यात मिसळायचं. मग एके दिवशी तो स्वच्छ झाला, शेजारच्या खोलीतून यावा तसा. आणि त्यांनी रिसीव्हर कानाला धरून बायकोला, शालिनीला, कौतुकानं सांगितलं होतं, "बघ, नवी केबल टाकलेली दिसते. देश पुढे चाललाय बरं का, लोक उगाच रडतात." शालिनी मेथी निवडत होती. ती म्हणाली होती, "हो, फारच जवळ आल्यासारखी वाटते." नंतर त्यांनी हे समरजितला सांगितलं, गॅरेजमधल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, उदारीकरणावरचं एक छोटंसं भाषणच त्यांनी त्या केबलवर उभं केलं होतं. बटणावरची बोटं थांबली. शालिनी मेथी निवडत होती आणि तिनं मान वर केली नव्हती.

"सर, काय म्हणतोय?" समरजित दारात उभा होता, हात पुसत. "पास आहे," शरच्चंद्र म्हणाले. "पण गाडी रस्त्यात बंद पडते ना. पंधरा-वीस मिनिटं चालते आणि मरते. थोड्या वेळानं आपोआप चालू. सर, जरा ड्रायर मारून बघू का? गरम झाल्यावर आतला सोल्डरचा एखादा टाका सुटत असेल." बायकांचा केस वाळवायचा ड्रायर समरजितनं मुद्दाम अशा कामासाठी ठेवला होता. शरच्चंद्रांना तो कधी आवडला नाही. त्यांच्या टेबलाला एक स्वच्छता होती आणि ड्रायर म्हणजे न्हाव्याचं दुकान. "माझ्या टेबलावर पास आहे," ते म्हणाले, आणि आपला आवाज चढलाय हे त्यांना समरजितच्या चेहऱ्यावरून कळलं. मयंकभाई हसले. "साहेब, तमारा टेबलावर माझी बायको पण पास होईल. घरी आणली की वायरिंग बळे, जळून जातं." समरजित हसला. शरच्चंद्र हसले नाहीत. "बसवा डबा गाडीत," ते म्हणाले. "मी येतो बरोबर पादऱ्यापर्यंत. बघू कशी बंद पडते." समरजित बघत राहिला. सर टेबल सोडून कधी कुठे जात नसत.

गाडी अकोट्यावरून बाहेर पडली. मयंकभाई बोलत होते, तुरीचे भाव, बेबीचं गणित, बेबीला मोहनाबेनकडच्या ट्यूशनमधून घ्यायचंय. शरच्चंद्र मांडीवर हात ठेवून बसले होते आणि त्यांच्या डोक्यात दोन वर्षांपूर्वीची दिवाळी उघडत होती, नको असताना. मोहना आली होती, एकटी, लहान बॅग घेऊन, आणि चौथ्या दिवशी म्हणाली होती, "बाबा, तो माझ्याशी बोलत नाही." "भांडण झालं का?" "नाही. भांडण झालं तर बोलावं लागेल. तो बोलतच नाही. महिना महिना नाही. मी विचारलं तर भिंतीकडे बघतो. लोक आले की बोलतो. लोकांसमोर मला हाक मारतो, मोहू म्हणतो. ते गेले की पुन्हा बंद. बाबा, मला आता वाटतं मी त्या घरात नाहीच आहे." शरच्चंद्रांनी ते नीट ऐकून घेतलं. ते नेहमी नीट ऐकून घेत. मग त्यांनी फोन करून उन्मेषला बोलावून घेतलं. उन्मेष लगेच आला, बाकरवडी आणि सासूसाठी साडी घेऊन. बैठकीच्या खोलीत त्यांनी त्याला समोर बसवलं, आणि आता गाडीत बसल्यावर त्यांना दिसलं की आपण त्याला टेबलावर घेतलं होतं. नोकरीबद्दल विचारलं, त्यानं उत्तर दिलं. थोडं टोचून विचारलं, तो नम्रपणे लाजला. चहा दिला, त्यानं मोहनाला म्हटलं, मोहू, तू घेतलास का? एकेक दिवा नीट लागत होता. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांची खात्री झाली होती. "अगं, तासभर बोलला माझ्याशी," ते मोहनाला म्हणाले होते. "इतका मोकळा मुलगा. काही माणसं घरी दमून येतात, त्यांना शांतता लागते. त्याला तू न बोलणं म्हणतेस." मग त्यांनी तिला समजावलं. एक संध्याकाळ, दुसरी संध्याकाळ, उदाहरणं देऊन, आवाज न चढवता. संसारात दोघांचा वेग जुळायला वेळ लागतो, दातेरी चाकं असतात ना, तसं. कागदावर चाकंसुद्धा काढून दाखवली. तिसऱ्या संध्याकाळी मोहनानं मान हलवली. समजलं, बाबा. स्टेशनवर त्यांनी तिची बॅग स्वतः वर चढवली होती आणि घरी येताना त्यांना बरं वाटलं होतं, एक अवघड मुलगा अखेर पास झाल्यावर वाटायचं तसं.

पण आपलं चुकलं काय? समोर जे आलं त्यावरूनच माणूस ठरवणार. अटलादरा मागे पडलं, दोन्ही बाजूंना केळी आणि कोबीची शेतं सुरू झाली, आणि शरच्चंद्र मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत होते, अगदी मुद्देसूद. मी विचारलं नाही असं नाही. मी त्याला बोलावलं. मी दोघांचं ऐकलं. मग तिनं पुन्हा येऊन का सांगितलं नाही? माझ्यापाशी. शालिनीपाशी सांगितलं आणि माझ्यापाशी नाही. कारण शालिनीला माहीत होतं, हे आता मेथीच्या जुडीइतकं उघड होतं. आज गुरुवार. गुरुवारी शालिनी दत्ताच्या देवळात जाते, सकाळी निघते आणि दुपार उलटून येते, भजन लांबलं म्हणते, आणि येताना साखरफुटाण्यांची पुडी आणते. ते हात धुऊन पुडी उघडत, कपाळाला लावत, आणि एकेक दाणा तोंडात टाकत. दर गुरुवारी. प्रसाद. पादऱ्याच्या एसटी स्टँडवर मिळत असतील ते. त्यांच्या तोंडात गोड पाणी सुटलं आणि त्याची त्यांना किळस आली. म्हणजे कित्येक महिने दोघींनी त्यांच्या तळहातावर लिहिलं होतं. रविवारी पुणे. गुरुवारी दत्त. मध्येच एखादा निरोप, उन्मेषनं नमस्कार सांगितलाय. आणि ते अंधाऱ्या खोलीत बसून नीट दिवे लावत होते. जावयाच्या वाढदिवसाला त्यांनी कार्ड आणलं होतं. शालिनी म्हणाली होती, द्या, मी टाकते पोस्टात.

तेवढ्यात गाडीनं एक आचका दिला आणि ती मेली. मयंकभाईंनी शिवी हासडून ती घरंगळवत कडेला घेतली. किल्ली फिरवली, इंजिन नुसतंच फिरलं, पेटलं नाही. "जोयुं ने, साहेब? हे असं. तुमच्या टेबलावर पास." शरच्चंद्र खाली उतरले. त्यांनी डबा बसवलेल्या जागी हात घातला. डबा चांगलाच तापला होता. आत कुठेतरी केसासारखी चीर, ती उन्हानं आणि इंजिनाच्या आचेनं उघडली होती आणि गार झाली की मिटणार होती. टेबलाशी एसीच्या गारव्यात ती त्यांना कधीच दिसली नसती. खोटं तापमान त्यांनी डब्याला सांगितलं होतं. डब्याला स्वतःला चटका कधी लावला नव्हता. एक ट्रॅक्टर कोबी घेऊन गेला आणि धूळ त्यांच्या चष्म्यावर बसली. परत फिरावं असं त्यांना प्रकर्षानं वाटलं. एसटीला हात करावा, घरी जावं, संध्याकाळी पुडी उघडावी. काय बिघडलं होतं तिथे? सगळं ठीक चाललं होतं. मयंकभाईंनी झाडाखाली बिडी ओढून संपवली, किल्ली फिरवली, आणि गाडी पेटली. "बेसो, साहेब," ते म्हणाले. शरच्चंद्र बसले.

पादऱ्यात शाळेमागच्या गल्लीत एका घराच्या मागच्या बाजूला खोली होती. गाडी थांबली तरी मयंकभाईंची मुलगी बाहेर आली नाही. "आवो ने," मयंकभाई म्हणाले, "तुमच्या अटकेच्या बाईंची ओळख करून देतो. आमच्या पादऱ्यात राजोपाध्ये दोन होतील, पाच मिनिटं." शरच्चंद्रांना नाही म्हणायचं होतं आणि ते त्यांच्या मागून चालत होते. दार उघडंच होतं. मोहना चटईवर बसली होती, पाठ भिंतीला टेकून, समोर दोन वेण्या घातलेली मुलगी वहीत डोकं घालून. मोहना जाड झाली होती. केस कापले होते. पलीकडे खिडकीशी, घरात बसावं तशी पाय पसरून, शालिनी ताटात तांदूळ निवडत होती.

"मॅडम, जुओ, हे पण राजोपाध्ये," मयंकभाई म्हणाले. "बडोद्याचे. गाडीचा कॉम्प्युटर तपासतात. मी म्हटलं सगां थाय? तर ते म्हणाले, ना, कोई नथी. तरी म्हटलं भेटवू." मोहनानं आधी वडिलांकडे पाहिलं, मग मयंकभाईंकडे. तिच्या चेहऱ्यावर काही आलं आणि तिनं ते मागे घेतलं. "हो का?" ती म्हणाली. "बसा ना." शालिनीची बोटं ताटात थांबली होती. मयंकभाईंना खोलीतली हवा कळली नाही, किंवा कळलीही असेल. गाडीचं बॉनेट उघडं ठेवतो, जरा गार होऊ दे, बेबी तू गणिताचा दाखलो पूरो कर, असं म्हणून ते बाहेर गेले.

"चपला बाहेर काढा," शालिनी म्हणाली. शरच्चंद्रांनी खाली पाहिलं. ते चपलांसकट चटईवर आले होते. त्यांनी चपला बाहेर ठेवल्या आणि परत येऊन कुठे बसावं ते न कळून उभेच राहिले. "कोई नथी, म्हणालात?" शालिनीनं विचारलं. "मला काय माहीत," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं होतं? मला तर माझी मुलगी पुण्यात आहे. दर रविवारी सांगते." त्यांचा आवाज त्यांना अनोळखी वाटला, किरटा. "सांगितलं असतं मला. मी काय परका होतो?"

"सांगितलं होतं, बाबा," मोहना म्हणाली. ती रागावलेली नव्हती, ते त्यांना सर्वांत वाईट वाटलं. "दिवाळीत."

"एकदा. पुन्हा नाही का सांगता येत?"

"पुन्हा सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा समजावलं असतंत. तुमच्यासारखं कुणी समजावत नाही. मला पटलं असतं आणि मी परत गेले असते." तिनं चष्मा पुसला. "तिथून निघाले त्या दिवशी आईला फोन केला. आईनं फक्त विचारलं, पैसे आहेत का तिकिटाला. बाकी काही विचारलं नाही."

"आणि हे किती दिवस चालणार होतं?" त्यांनी शालिनीला विचारलं. "मला लहान मुलासारखं खेळवणं?"

"तुम्ही खूश होतात की," शालिनी म्हणाली. "मी कितीदा वाट पाहिली, आज विचाराल, उद्या विचाराल. आवाजावरून कळेल म्हटलं. तुम्ही केबलचं कौतुक केलंत." तिनं तांदळातला खडा उचलून खिडकीबाहेर टाकला. "पुण्याला तिच्या घरी गेले होते तेव्हा तिचं तोंड बघून मलासुद्धा कळलं नव्हतं, अहो. पण मी दिवाळीत तिच्याजवळ झोपले होते. ती झोपेत बोलायची. सगळं दिवसाचं बोलणं झोपेत. ते ऐकायला काही शास्त्र लागत नाही."

शरच्चंद्रांनी घसा खाकरला. "हे बघ, मोहना," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप खाली उतरला, समजूतदार झाला, हाताची बोटं जुळली. "त्या वेळी माझ्यासमोर जे आलं, त्यावरून कुठल्याही माणसानं हाच निष्कर्ष काढला असता. समजा, तू माझ्या जागी आहेस. समजा, तुझ्यासमोर एक मुलगा..." शालिनी उठली आणि ताट घेऊन स्टोव्हकडे गेली. मोहना ऐकत होती. ती नीट ऐकत होती, चष्म्याची दांडी दातांत धरून, अगदी त्यांच्यासारखी, आणि त्यांचं वाक्य पुढे जात होतं, त्याला फाटे फुटत होते, उदाहरण येत होतं, आणि बोलता बोलता त्यांना जाणवलं की खोलीत आपल्याला कुणीही अडवत नाही. मग ते आपणच थांबले. उदाहरण अर्धं राहिलं.

वेण्यावाल्या मुलीनं वही पुढे केली. मोहनानं पाहिलं आणि गुजरातीत विचारलं, ही पायरी कुठून आली? मुलीनं चटकन मान हलवली. "माथुं ना हलाव," मोहना म्हणाली. "मान हलवली की मला वाटतं तुला आलं, आणि मग तू घरी जाऊन रडतेस. नाही आलं तर नाही म्हण. मी काही मारत नाही." मुलगी गप्प. मोहना थांबली. तिनं उदाहरण दिलं नाही, चित्र काढलं नाही. ती नुसती थांबली, इतका वेळ की शरच्चंद्रांना ते असह्य झालं आणि उत्तर त्यांच्याच ओठांवर आलं. शेवटी मुलगी पुटपुटली की येत नाही, "नथी आवडतुं." मोहना हसली. "हं. आता बस. आता करू."

बाहेरून मयंकभाईंनी हॉर्न वाजवला. बेबीला ते नंतर नेतील, साहेबांना आधी स्टँडवर सोडतील, असं काहीसं ते ओरडून सांगत होते. शालिनी पाठमोरी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी माझ्या नेहमीच्या गाडीनं येते." शरच्चंद्र दाराशी गेले. चपलेत पाय घालताना त्यांनी भिंतीला हात टेकला.

"बाबा," मोहना म्हणाली. ते वळले. ती चटईवरून उठली नव्हती. तिचा एक हात मुलीच्या वहीवर होता. "मी आता परत जाणार नाही. तिकडेही नाही आणि तुमच्याकडेही नाही. मला इथे बरं आहे. तुम्हाला यायचं असेल तर या, पण काही सांगायला येऊ नका. समजलं?"

त्यांना काही समजलं नव्हतं. तिला काय हवं आहे, शालिनीनं हे कसं केलं, आपण इथे आलो तर बसून करायचं काय, बोलायचं काय. नाही समजलं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याआधीच त्यांची मान हलली, दोनदा, शहाण्या मुलासारखी. मोहनानं ते पाहिलं. क्षणभर ती थांबली, मघाशी मुलीसाठी थांबली होती तशी. मग बाहेर पुन्हा हॉर्न वाजला, आणि तिनं वही आपल्याकडे ओढली.